एका पांढऱ्या साक्याची अनेक बारशी

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. तिथल्या प्रयोगशाळेत कपाट आवरण्याचे काम चालू होते. रसायनांच्या बाटल्या पुसून, गटवार लावता लावता दोन बाटल्या शेजारी शेजारी आल्या. एकीवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर ‘प्लंबस क्लोराइड’ असे लिहिले होते, तर दुसरीवर ‘लेड क्लोराइड’ आणि या दोन शब्दांच्या मध्ये कंसात रोमन दोनाचा आकडा. एका सरांनी विचारले, “या दोन्ही एकाच खणात ठेवायच्या का?” दोन्हींत पदार्थ एकच आहे असे सांगितल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. “मग एखाद्या मुलाने पेपरात ‘लेड डायक्लोराइड’ लिहिले तर गुण कापायचे की द्यायचे?”

तिथे मी थोडक्यात उत्तर दिले. पण परतीच्या एसटीत बसल्यावर वाटले, की या प्रश्नाचे खरे उत्तर थोडक्यात देण्यासारखे नाही. या एका पांढऱ्या भुकटीचे इतक्या वेळा बारसे झाले आहे, की त्या नावांच्या मागे मागे गेले तर रसायनशास्त्राचा बराच इतिहास पायाखालून जातो.

आधी पदार्थाची ओळख करून घेऊ. लेड नायट्रेटच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे, किंवा अगदी साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले, की परीक्षानळीत पांढरा साका येतो. ते शिशाचे क्लोराइड. शिशाच्या एका अणूमागे क्लोरीनचे दोन. बारावीच्या क्षार परीक्षणात हा पहिल्या गटाचा साका म्हणून तुमच्या परिचयाचा आहे. त्याच गटात चांदीचाही पांढरा साका येतो. पण साक्यावर पाणी घालून ते उकळा. चांदीचे क्लोराइड ढिम्म हलत नाही, शिशाचे क्लोराइड मात्र हळूहळू दिसेनासे होते. नळी नळाखाली गार केली, की त्याच पाण्यातून पांढऱ्या, चमकदार सुया खाली उतरू लागतात. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सियसला हे क्लोराइड जेमतेम १ ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात ३ ग्रॅमपेक्षा थोडे जास्त. सगळा खेळ या फरकाचा आहे. थंड पाण्यातसुद्धा ते थोडे विरघळतेच, म्हणून पहिल्या गटात पकडलेले शिसे पूर्ण पकडले जात नाही आणि उरलेले दुसऱ्या गटात काळ्या सल्फाइडच्या रूपाने पुन्हा दर्शन देते. “सर, माझ्या क्षारात दोन धातू आहेत,” असे म्हणत येणारा विद्यार्थी पुष्कळदा चुकलेला नसतो. त्याने शिसे दोनदा पाहिलेले असते.

आता मागे जाऊ. किती मागे, तर सुमारे चार हजार वर्षे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधील सौंदर्यप्रसाधनांच्या लहान लहान कुप्या आहेत. बोरूच्या, लाकडाच्या, अलाबास्टर दगडाच्या. काहींच्या तळाशी मूळची भुकटी अजून शिल्लक आहे. फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुकट्यांचे क्षकिरणांच्या साहाय्याने पृथक्करण केले आणि १९९९ मध्ये ते ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. कुप्यांचा काळ इसवी सनापूर्वी २००० ते १२०० च्या दरम्यानचा. डोळ्यांना लावायच्या या भुकटीत गॅलेना, म्हणजे शिशाचे काळे सल्फाइड, सापडले. त्यात नवल नव्हते, कारण ते खनिज खाणीतून मिळते. पांढरे लेड कार्बोनेटही सापडले, तेही खनिज म्हणून मिळते. पण आणखी दोन पांढरे पदार्थ निघाले. एक लॉरिओनाइट, ज्यात शिशाबरोबर क्लोरीन आणि हायड्रॉक्सिल असते. दुसरा फॉस्जेनाइट, ज्यात शिशाबरोबर क्लोरीन आणि कार्बोनेट असते. ही दोन्ही निसर्गात इतकी दुर्मीळ आहेत, की कुप्या भरण्याइतकी गोळा करणे शक्य नव्हते. म्हणजे ती कोणीतरी तयार केली होती.

कशी तयार केली असतील? याचा धागा वॉल्टर यांना इसवी सनाच्या पहिल्या शतकातील दोन लेखकांकडे मिळाला, ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज आणि रोमन लेखक प्लिनी. दोघांनीही ‘चांदीचा फेस’ धुण्याची कृती दिली आहे. चांदीचा फेस म्हणजे लिथार्ज, शिशाचे ऑक्साइड. चांदी असलेले शिसे भट्टीत हवेच्या झोतात तापवले, की शिशाचे ऑक्साइड होऊन ते वर तरंगते आणि खाली चांदी उरते. म्हणून तो चांदीचा फेस. आपल्या आयुर्वेदाच्या आणि रंगाऱ्यांच्या दुकानांतले मुरदाडशिंग ते हेच. कृती अशी: मुरदाडशिंग बारीक कुटायचे, त्यात मीठ आणि कोमट पाणी घालून ढवळायचे, वरचे पाणी ओतून द्यायचे, नवे पाणी आणि मीठ घालायचे. हे रोज, कित्येक आठवडे.

वर्गात सांगण्यासारखा भाग इथे आहे. मुरदाडशिंग, मीठ आणि पाणी यांपासून लॉरिओनाइट तयार होते आणि त्याच वेळी दाहक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, मोकळा होतो. सोडा साठत गेला की अभिक्रिया अडते. मिश्रण तसेच ठेवून दिले तर महिनाभराने उघडूनही फारसे काही झालेले दिसणार नाही. पण रोज वरचे पाणी ओतले, की सोडा निघून जातो आणि अभिक्रिया पुन्हा एक पाऊल पुढे सरकते. समतोलातून एक उत्पादन काढून घेतले तर समतोल त्या बाजूला झुकतो, हे ल शातलिए यांनी १८८४ मध्ये तत्त्व म्हणून मांडले. कुपी भरणाऱ्या त्या अनाम कारागिराला ते तत्त्व ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण पाणी का बदलायचे हे त्याच्या हातांना माहीत होते. मिठाबरोबर नैसर्गिक सोडाही मिसळला, म्हणजे कार्बोनेट आले, तर फॉस्जेनाइट मिळते. वॉल्टर यांनी या कृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या आणि दोन्ही पदार्थ मिळाले.

इथे एक सावधगिरीची सूचना. डायोस्कोरिडीज आणि त्या कुप्या यांच्यात हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. त्यामुळे ‘इजिप्तमध्ये नेमकी हीच कृती होती’ हा निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे. निष्कर्ष मला पटतो, पण विद्यार्थ्यांना सांगताना हा फरक सांगायला हवा.

हीच अभिक्रिया पुढे दोनदा पुन्हा भेटते, आणि दोन्ही वेळी वेगळ्या वेषात. अठराव्या शतकात कापड, साबण आणि काच यांच्या कारखान्यांना सोडा हवा होता, आणि तो वनस्पतींच्या राखेतून पुरेसा मिळत नव्हता. मिठातून सोडा कसा काढायचा याच्या मागे सगळे लागले होते. स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल शेले याने मुरदाडशिंग आणि मीठ यांच्यापासून सोडा सुटतो हे पाहिले. इंग्लंडमध्ये जेम्स टर्नर याने १७८१ मध्ये यावर पेटंट घेतले. त्याची युक्ती दुहेरी होती. सोडा तर मिळवायचाच, पण मागे उरलेला शिशाचा पांढरा लगदाही टाकायचा नाही. तो तापवला की त्यातले पाणी जाऊन ऑक्सिक्लोराइड बनते आणि त्याला सुंदर पिवळा रंग येतो. हा रंग ‘टर्नरचा पिवळा’ किंवा ‘पेटंट पिवळा’ या नावाने रंगाऱ्यांच्या दुकानात विकला जाऊ लागला. रंग टिकला, सोड्याचा धंदा मात्र टिकला नाही. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये लब्लां याने गंधकाम्ल, चुनखडी आणि कोळसा वापरून सोडा बनवण्याचे पेटंट घेतले आणि पुढे तीच पद्धत चालली. इजिप्तच्या कारागिराने जे पाणी रोज ओतून दिले, त्या पाण्यासाठी टर्नरने पेटंट घेतले होते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी भेट ग्रीसच्या किनाऱ्यावरची. अथेन्सच्या दक्षिणेला लॉरिओन येथे चांदी-शिशाच्या खाणी होत्या. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सॅलॅमिसच्या समुद्रात इराणी आरमाराचा पराभव करणाऱ्या अथेन्सच्या युद्धनौका याच चांदीच्या पैशातून बांधल्या होत्या. भट्ट्यांतून निघालेली मळी किनाऱ्यावर आणि पाण्यात टाकली गेली. मळीत शिसे होते आणि समुद्रात मीठ. कोणी ढवळायला नव्हते, पण लाटा रोज पाणी बदलत होत्या आणि घाई कसलीच नव्हती. दोन हजारांहून अधिक वर्षांनी या मळीच्या पोकळ्यांत बारीक रंगहीन स्फटिक सापडले. १८८७ मध्ये त्यांचे वर्णन झाले आणि गावावरून नाव पडले लॉरिओनाइट. म्हणजे कुपीतल्या भुकटीचे नाव भुकटीपेक्षा साडेतीन हजार वर्षांनी लहान आहे, आणि ज्या खनिजावरून ते पडले ते खनिजही माणसाने टाकलेल्या मळीत तयार झालेले!

खनिजांची नावे अशीच पडतात, गावावरून नाही तर माणसावरून. साध्या, शुद्ध लेड क्लोराइडचे खनिज इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर मिळाले. १८२५ मध्ये त्याला ‘कोटुनाइट’ नाव देण्यात आले, ते नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांच्यावरून. आतील कानात हवा नसून द्रव असतो हे दाखवणारे ते हेच. त्यांचा शिशाशी काही संबंध नव्हता, शहराने आपल्या थोर माणसाचा केलेला तो सन्मान होता. खनिज ज्वालामुखीच्या तोंडाशी का मिळाले हे मात्र रसायनाचे काम आहे. धातूंच्या क्षारांत लेड क्लोराइड तुलनेने सहज वितळते (५०१ अंशांना) आणि आणखी तापले की वाफ होऊन उडते. ज्वालामुखीच्या गरम वायूंबरोबर ते वर येते आणि थंड दगडावर जाऊन बसते. विसाव्या शतकातील मोटार अभियंत्यांनी हाच गुण हेरला. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळल्यावर इंजिनात शिशाच्या ऑक्साइडची पुटे चढत. म्हणून पेट्रोलमध्येच क्लोरीन आणि ब्रोमीनची संयुगे घालण्यात आली, म्हणजे शिसे क्लोरोब्रोमाइड होऊन धुराबरोबर निघून जाई. इंजिन स्वच्छ राहिले. धूर कुठे गेला हे सांगायला नको. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, जगातला शेवटचा पंप अल्जेरियात २०२१ मध्ये बंद झाला.

आता प्रयोगशाळेतल्या नावांकडे वळू. किमयागारांनी या पदार्थाला ‘प्लंबम कॉर्नियम’ म्हटले, म्हणजे ‘शिंगी शिसे’. चांदीचे क्लोराइड वितळवून थंड केले, की शिंगासारखा अर्धपारदर्शक, चाकूने कापता येणारा गोळा होतो, म्हणून ती ‘शिंगी चांदी’. शिशाचे क्लोराइडही वितळून तसेच दिसते, म्हणून शिंगी शिसे. नावात जे डोळ्यांना दिसले तेवढेच आहे, घटकांविषयी एक अक्षर नाही. शिवाय किमयागार शिशाला शनी म्हणत, त्यामुळे शिशाच्या अनेक संयुगांच्या नावात शनी येई. आपल्याकडे शनीचा धातू लोखंड. एकाच ग्रहावरून मुंबईत एक आणि पॅरिसमध्ये दुसरा धातू समजायचा असेल, तर अशा नावांनी विज्ञान पुढे कसे जाणार?

हा गोंधळ मोडण्यासाठी १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रुवा या चौघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. नावातून पदार्थ कशाचा बनला आहे ते कळले पाहिजे, हा तिचा पाया. आज आपण जी सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट ही नावे मुलांकडून पाठ करून घेतो, ती या पुस्तकाची देणगी. त्या पद्धतीत शिंगी शिसे झाले ‘म्युरिएट ऑफ लेड’. लॅटिनमध्ये ‘मुरिया’ म्हणजे खारे पाणी, त्यावरून मिठापासून मिळणारे आम्ल ते म्युरिएटिक आम्ल, आजचे हायड्रोक्लोरिक.

नाव नीटस होते, पण चुकीचे होते. चूक व्याकरणाची नव्हती, सिद्धान्ताची होती. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे असे लव्हाझिए मानत. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थच ‘आम्ल निर्माण करणारा’. मग म्युरिएटिक आम्लातही ऑक्सिजन आहे आणि त्याच्याशी जोडलेले एक अज्ञात मूलद्रव्य आहे, ते पुढेमागे सापडेल, असे गृहीत धरले गेले. शेलेने १७७४ मध्ये मिळवलेला हिरवट पिवळा वायू म्हणजे याच आम्लात आणखी ऑक्सिजन भरलेला, अशीही समजूत झाली. या हिशेबाने आपल्या पांढऱ्या साक्यात शिसे, ऑक्सिजन आणि ते न सापडलेले मूलद्रव्य अशी तीन माणसे राहत होती. त्यांतली दोन तिथे नव्हतीच.

हे उघडकीस आणले हम्फ्री डेव्ही याने. त्या हिरवट वायूमध्ये त्याने पांढरेशुभ्र तापवलेला कोळसा धरला. ऑक्सिजन असता तर कोळशाने तो ओढून घेतला असता. काहीही झाले नाही. अनेक बाजूंनी प्रयत्न करून १८१० मध्ये त्याने जाहीर केले, की हा वायू संयुग नसून मूलद्रव्यच आहे. त्याच्या रंगावरून, ग्रीक ‘क्लोरोस’ या शब्दावरून, त्याने नाव दिले क्लोरीन. सिद्धान्ताशी बांधलेल्या नावाने घात केला होता, म्हणून या वेळी फक्त रंग सांगणारे नाव त्याने मुद्दाम निवडले.

शिशाच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला ते पाहा. मुरदाडशिंगावरून म्युरिएटिक आम्लाचा कोरडा वायू नेला, की शिंगी शिसे आणि पाणी मिळते. जुन्या मताचे लोक म्हणत, पाणी वायूत लपलेले होते, ते बाहेर पडले. डेव्ही म्हणाला, पाणी त्याच क्षणी तयार झाले: ऑक्सिजन मुरदाडशिंगातला, हायड्रोजन आम्लातला, आणि उरलेले शिसे व क्लोरीन एकमेकांशी जोडले गेले. डोळ्यांसमोर तेच पाणी, तोच साका. हिशेब मात्र संपूर्ण बदलला. बर्झेलियससारखा मोठा रसायनशास्त्रज्ञही पुढची सुमारे दहा वर्षे हा हिशेब मान्य करीत नव्हता. तेव्हा आपल्या वर्गातले एखादे मूल दोन तासिकांत समजले नाही म्हणून चिडायचे कारण नाही.

पदार्थात ऑक्सिजन नसेल तर ‘म्युरिएट’ हे नाव जायला हवे. डेव्हीने त्याऐवजी स्वतःची एक रीत सुचवली होती. धातूच्या लॅटिन नावाला ‘एन’ हा प्रत्यय लावायचा. चांदीचे क्लोराइड ‘अर्जेंटेन’, त्याच नियमाने शिशाचे ‘प्लंबेन’. ही रीत रुजली नाही. ऑक्साइडच्या धर्तीवर केलेला ‘क्लोराइड’ हा शब्द सर्वांना सोयीचा वाटला आणि तोच टिकला. गंमत अशी, की प्लंबेन हे नाव आज रसायनशास्त्रात आहे, पण शिशाच्या हायड्राइडसाठी! एका घरातून निघालेले नाव दुसऱ्या घरी दत्तक गेले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, जर शिशाचे क्लोराइड एकच असते. शिशाचे तपकिरी डायऑक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लात घातले आणि तापवले, की क्लोरीन सुटतो. हीच क्रिया बर्फात ठेवलेल्या संहत आम्लात केली तर मात्र पिवळे द्रावण मिळते आणि क्लोरीन लगेच सुटत नाही. त्या पिवळ्या द्रावणात शिशाबरोबर क्लोरीन जास्त प्रमाणात जोडलेला आहे अशी शंका होती. १८९३ मध्ये फ्रीड्रिख याने त्यात अमोनियम क्लोराइड घालून लिंबासारखा पिवळा क्षार मिळवला, तो थंड संहत गंधकाम्लात टाकला, आणि तळाशी जड, पिवळे तेल जमले. शिशाच्या एका अणूमागे क्लोरीनचे चार अणू. एक भाऊ पांढरा, स्थिर, पाचशे अंशांपर्यंत घन राहणारा. दुसरा पिवळा, द्रवरूप, दमट हवेत धुमसणारा आणि थोडासा तापवला की क्लोरीन सोडून पहिल्या भावाचे रूप घेणारा. दोघांत फरक केवळ क्लोरीनच्या दोन अणूंचा.

दोघांना ओळखायचे कसे? तोपर्यंत रूढ झालेला नियम होता: कमी संयुजेला ‘अस’, जास्त संयुजेला ‘इक’. म्हणून पांढरा तो प्लंबस, पिवळा तो प्लंबिक. पण ही शेपटी आकडा सांगत नाही. क्युप्रसमध्ये संयुजा एक, फेरसमध्ये दोन. फेरिकमध्ये तीन, प्लंबिकमध्ये चार. प्रत्येक धातूचे वेगळे पाठ करायचे, आणि ज्या धातूच्या तीन-चार संयुजा आहेत त्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. १९१९ मध्ये आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सरळ उपाय सुचवला. धातूच्या नावापुढे कंसात त्याचा आकडा लिहून टाका. बाटलीवरचा तो रोमन दोन हा असा आला. हा स्टॉक प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने अनेक वर्षे आजारी होता. आजाराचे कारण लक्षात आल्यावर १९२६ मध्ये त्याने त्याविषयी लेख लिहून इतरांना सावध केले. त्याचे नाव आपण आकड्यांसाठी घेतो, पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी ते या लेखासाठीही घ्यावे असे मला वाटते.

शिसे चारऐवजी दोनावर का खूश असते, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच. त्याच स्तंभातला कार्बन बिनतक्रार चार बंध करतो. शिशाच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन जण बंधात पडायला नाखूश असतात. सिज्विक याने १९२७ मध्ये त्यांना ‘निष्क्रिय जोडी’ म्हटले. नाव मिळाले, कारण नाही. कारणाचा मोठा भाग नंतर आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तात सापडला. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन. इतक्या ओढीत ते दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळून जाताना प्रकाशाच्या वेगाशी तुलना करावी इतके वेगाने जातात, त्यामुळे त्यांची कक्षा आकसते आणि ते केंद्रकाला अधिक घट्ट बांधले जातात. २०११ मध्ये पेक्का प्यूक्को आणि सहकाऱ्यांनी गणित करून दाखवले, की मोटारीच्या बॅटरीतल्या एका घटाच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट या परिणामामुळे मिळतात. सकाळी गाडी सुरू होते ती आइनस्टाइनच्या कृपेने!

आता त्या सरांचा गुणांचा प्रश्न. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या नियमांनुसार कंसातल्या आकड्याचे नाव आणि ‘लेड डायक्लोराइड’ ही दोन्ही नावे चालतात. एक धातूची अवस्था सांगते, दुसरे अणूंची संख्या. तेव्हा गुण द्यावेत. ‘प्लंबस’ लिहिणाऱ्यालाही मी गुण देईन, पण त्याला शेजारी बसवून जुनी बाटली दाखवीन. नुसते ‘शिशाचे क्लोराइड’ लिहिले तर? व्यवहारात कळते, पण भाऊ दोन आहेत हे ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायला हवे कुठला.

नावांचा आणखी एक धोका आहे आणि तो पेपरातल्या गुणांपेक्षा मोठा आहे. २०१० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी, वॉल्टर त्यांच्यात होतेच, लॉरिओनाइटमधून पाण्यात उतरणाऱ्या शिशाच्या अत्यल्प मात्रेचा त्वचेच्या एकेका पेशीवर परिणाम मोजला. पेशी नेहमीपेक्षा जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागल्या, आणि हा पदार्थ शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देतो. त्यावरून ‘इजिप्तचे काजळ डोळ्यांना औषधी’ अशा बातम्या जगभर छापून आल्या. प्रयोग पेशींवरचा होता, डोळ्यांवरचा नव्हता, आणि आयुष्यभर रोज लावल्यावर काय होते याचा तर नव्हताच. आपल्याकडे सुरमा तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत घालतात. शिसे असलेला सुरमा लावल्याने मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याची नोंद अनेक देशांतल्या डॉक्टरांनी केली आहे. बाळ डोळे चोळते आणि तोच हात तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचे होते. ‘काजळ’, ‘सुरमा’, ‘शेंदूर’ ही नावे घटक सांगत नाहीत, अगदी शिंगी शिशासारखीच. घरच्या दिव्याच्या काजळीला आणि दळलेल्या गॅलेनाला आपण कधी कधी एकाच नावाने हाक मारतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, पण बाजारातल्या पुडीत ते आहे की दुसराच एखादा रंग, हे पुडीवरून कळत नाही.

म्हणून वर्गात हा साका करून दाखवताना तो शिक्षकाने स्वतः, थोड्या मात्रेत करावा. मुलांनी भुकटी हाताळू नये, नंतर हात साबणाने धुवावेत. आणि नळ्या मोरीत रिकाम्या करू नयेत. मी विद्यार्थी असताना वर्षभराचे सगळे साके सरळ बेसिनमध्ये जात, आणि बेसिनचे पाणी मागच्या बागेत. आम्हाला कोणी हटकले नाही. आता मी झाकणाची एक मोठी बरणी ठेवतो. शिसे असलेले सगळे द्रावण तिच्यात ओतायचे, वरून सोडियम सल्फेटचे द्रावण घालायचे. थंड पाण्यात लेड सल्फेट क्लोराइडपेक्षा कितीतरी कमी विरघळते, त्यामुळे बहुतेक सगळे शिसे तळाशी बसते. तो गाळ वाळवून, बंद डब्यात, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यायचा. बरणीवर चिठ्ठी लावली आहे: ‘शिसे (दोन), विषारी, ओतू नये.’